सुट्या तेलाचा डबा

सासऱ्यांच्या सरकारी क्वार्टरमधून आम्ही दोघं सासूबाईंना घेऊन गुडगावला राहायला आलो तेव्हा आमच्या इमारतीतले निम्मे फ्लॅट रिकामेच होते. समोर दोन अर्धवट टॉवर आणि त्यांच्या मागे बाजरीची शेतं. साधी कोथिंबीर आणायची तरी स्कूटर काढावी लागायची. यांना नव्या कंपनीत नोकरी लागली होती खरी, पण फ्लॅट घेतल्यापासून हात आखडूनच राहावं लागत होतं.

समोरच्या दारात नागपूरच्या वहिनी राहायच्या. त्यांचे मिस्टर केंद्र सरकारात होते, मूलबाळ नव्हतं. आम्हा दोघींची रोजची रड एकच होती: आज काय करायचं? एके दिवशी मी जुन्या कॅलेंडरच्या मागे आठवड्याचा बेत लिहून काढला. सोमवारी राजमा, मंगळवारी दोडका, असं. दोन्ही घरी एकच बेत, म्हणजे रविवारी मंडीतून भाजी, डाळी घाऊक आणायच्या आणि वाटून घ्यायच्या. वहिनी खूश झाल्या. "तू तर आमची मॅनेजरच झालीस!" म्हणाल्या. उन्हाळाभर सगळं छान चाललं.

मग पावसाळ्यात एका रविवारी मंडीत तेलाच्या दुकानापाशी मी थांबले. "कच्ची घानी है बहनजी, शुद्ध सरसों," दुकानदार म्हणाला. मोहरीचं ते तेल शेंगदाण्याच्या तेलापेक्षा फारच स्वस्त पडत होतं.

वहिनींनी माझं कोपर धरलं. "सुटं तेल नको गं. पॅकेटचंच बरं."

"अहो वहिनी, इथे सगळे हेच खातात. एका डब्यात दोन्ही घरांचा महिना निघेल."

त्यांनी माझं कोपर सोडलं. आम्ही डबा रिक्षात घातला.

सासूबाईंना सरसोंचा वास सोसेना. त्यांनी उरलेलं शेंगदाण्याचं तेल स्वतःसाठी बाजूला काढलं आणि लहान कढईत आपली भाजी वेगळी करू लागल्या. मला थोडा रागच आला. सोपं करायला निघाले होते आणि घरात दोन कढया झाल्या.

पहिल्यांदा पोटं बिघडली, यांचं आणि माझं. आम्ही टँकरच्या पाण्याला दोष दिला आणि पाणी उकळून प्यायला लागलो. आठवड्याभराने यांच्या पायात बूट शिरेनात. नडगीवर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. पाय लाल, गरम झाले होते, हात लावू देत नव्हते. माझेही घोटे सुजले, पण कमी. उभं राहून दमतेय, एवढंच मला वाटलं.

त्याच दिवसांत जिन्यात मला वहिनी भेटल्या. लिफ्ट बंद होती. पहिल्या मजल्यावरच पायरीवर बसल्या होत्या, पिशवी मांडीवर, तोंड उघडं.

"काय झालं वहिनी?"

"काही नाही गं. दम लागतोय. पाय बघ कसे झालेत."

मी त्यांना हाताला धरून वर आणलं आणि म्हटलं, आता तुम्ही गॅसपाशी उभंसुद्धा राहायचं नाही. त्या दिवसापासून दोन्ही घरचा स्वयंपाक मीच करू लागले. यांच्या तोंडाला चव नव्हती म्हणून पुऱ्या तळल्या. वहिनींना आवडतात म्हणून कारल्याच्या कुरकुरीत काचऱ्या केल्या आणि झाकून नेऊन दिल्या. "अच्छा केलंस," म्हणत त्या थोडं थोडं खायच्या आणि उशीला टेकून धापा टाकायच्या. मी आणखी वाढायची.

शेवटी यांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. सासूबाईही बरोबर आल्या. डॉक्टरांनी यांचे पाय पाहिले, मग माझे, मग सासूबाईंना साडी जरा वर घ्यायला सांगितली. त्यांचे पाय वाळक्या काटक्यांसारखे होते.

"माताजी, आप घर का ही खाना खाती हैं?"

"हां. बस, तेल अलग है," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कौन सा तेल है? खुला?"

मी हो म्हटलं. त्यांनी सांगितलं, आजपासून एक थेंबही नाही, आणि बाटलीत थोडं तपासायला आणा. पिवळ्या धोतऱ्याचं बी मिसळलं की असं होतं, म्हणाले. "और किसने खाया है?"

आम्ही रिक्षाने परतलो. मी जिना चढून थेट समोरच्या दारात गेले. वहिनींचे मिस्टर रजेवर घरीच होते, त्यांचेही घोटे थोडे सुजले होते. त्यांनी जेवण वाढून घेतलं होतं, मी सकाळी दिलेलं. मी ताट ओढून घेतलं आणि वहिनींना लगेच दवाखान्यात न्या म्हटलं.

पुढच्या रविवारी मी एकटीच मंडीत गेले. तेलाच्या दुकानाला कुलूप होतं. शेजारचा म्हणाला, "कई दिन से नहीं आया."

हे दीड महिना अंथरुणावर होते, मग हळूहळू उठले. वहिनींच्या हृदयावर परिणाम झाला होता. त्या वाचल्या, पण डोळ्यांतला दाब वाढला. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, असं त्या दवाखान्यातच सांगायच्या. डाव्या डोळ्याची नजर गेली ती गेलीच.

तिथेच एका दुपारी मी त्यांच्या खाटेशी बसून म्हटलं, "वहिनी, तुम्ही नको म्हणाला होतात."

"हो, म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. आणि भिंतीकडे कूस वळवली.

घरी आल्यावर त्यांचं सामान त्या आणि त्यांचे मिस्टर वेगळं आणू लागले. मी बाल्कनीतून बघायची. त्या त्यांच्या दंडाला धरून सावकाश गेटकडे चालायच्या. माझ्याशी बोलायच्या पूर्वीसारख्याच, फक्त दारात उभ्या राहून. पुढच्या वर्षी त्यांच्या मिस्टरांनी नागपूरला बदली मागून घेतली.

निघायच्या आदल्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या. मी पोहे केले. त्यांनी बशी उचलून नाकाजवळ नेली, क्षणभर तशीच धरली, मग दोन चमचे खाल्ले.

"छान झालेत," म्हणाल्या, आणि बशी टेबलावर ठेवून दिली.