रतनबाईचा उघडा वाफा

बुधवार, ७ ऑगस्ट २०२४. पावसाने आजही हुलकावणी दिली. दूधवाला उशिरा आला. रतनबाईची मेथी मोरांनी पुन्हा खाल्ली, ही तिसरी पेरणी. दुपारी हरभऱ्याच्या डाळीला ऊन दाखवलं.

त्या दिवशी एवढंच लिहिलं. लिहायचं राहिलं ते हे, की सकाळी मी कुंपणापाशी गेले तेव्हा रतनबाई वाफ्यात उकिडवी बसली होती. हातात शेंडे खुडलेली मेथी होती. ती रडत नव्हती. आप्पारावांच्या बंगल्याकडे टक लावून बघत होती.

रतनबाई माझी शेजारीण. वीसेक हंगाम तिने ऊसतोडीत काढले. थोरली लेक फडावरच्या पाचटाच्या कोपीत जन्मली. तोडीला नवरा-बायको जोडीने जातात, त्या जोडीला एक कोयता म्हणतात. तिचा नवरा सटवा मोळ्या भरताना ट्रकवरून पडला, तेव्हापासून त्याची कंबर वाकत नाही. मग गेल्या हंगामात ती एकटीच अर्धा कोयता म्हणून गेली, आणि परत आली ती ठरवूनच, की आता पुन्हा नाही. घरामागच्या तुकड्यात मेथी, कोथिंबीर, वांगी लावायची, शिरूरच्या बाजारात विकायची, सटवाजवळ राहायचं. टोळीचा मुकादम हंगामाची आगाऊ उचल द्यायला आला तेव्हा तिने पदराखालून हात बाहेर काढला नाही.

मुकादम म्हणजे हे आप्पाराव. "दसऱ्याला माझ्याच दारात येशील, रतन," ते जाताना म्हणाले. "भाजीपाल्यावर कुणाचं भागलंय?"

पाटोद्याकडच्या डोंगरातून मोर आमच्याकडे पहिल्यापासून येतात. आप्पाराव त्यांना गच्चीवर ज्वारी टाकायचे. उचल परत गेली त्या आठवड्यात ती ज्वारी गच्चीवरून खाली उतरली आणि रतनबाईच्या कुंपणालगत पडू लागली. मोर दाणे टिपायचे आणि मग तोंड बदलायला मेथीत शिरायचे.

रतनबाई सांगायला गेली. मी माझ्या ओट्यावरून सगळं ऐकत होते.

"आप्पाराव, दाणे पल्याड टाका की."

"अगं, सरस्वतीचं वाहन हाय ते. त्याला काय कुंपण कळतंय?"

"त्याला न्हाई कळत. तुमाला कळतंय."

"पुण्याच्या कामात आडवी येऊ नको, रतन."

तिचा चुलतदीर शहादेव म्हणाला, दाण्याला औषध चोळ, एका दिवसात मोकळी होशील. रतनबाईने त्याला अंगणातून घालवलं. "मुक्या पाखराला मारू? त्यानं माजं काय वाईट केलंय? ज्यानं केलंय त्याचं नाव मला ठावं हाय."

मग कुणी सांगितलं म्हणून तिने मेथीवर तिखट भुरभुरलं. पाखरांना तिखट लागत नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मोरांनी मेथी तिखटासकट खाल्ली, शिंका मात्र बाजेवर पडलेल्या सटवाला आल्या.

शेवटी तिने जुनी लुगडी बाहेर काढली. मीही माझ्या विटक्या साड्या दिल्या. ज्या कोयत्याने ऊस तोडला त्यानेच तिने बेशरमाच्या झुडपाच्या काठ्या तोडल्या, वाकवून वाफ्यांवर कमानी केल्या आणि त्यांवर कापड ताणून बांधलं. कापड विरलेलं, त्यातून ऊनही जातं आणि पाणीही. मोर यायचे, मान वाकडी करून बघायचे, पाय कुठे ठेवावा ते त्यांना कळायचं नाही, आणि परत फिरायचे. एकच वाफा उघडा राहिला. मी आणखी एक साडी घेऊन गेले.

"ऱ्हाऊ द्या, डॉक्टरीणबाई. ह्यो वाफा मला उघडाच पायजे."

माझे यजमान गुरांचे डॉक्टर होते, त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली तरी मी डॉक्टरीणबाईच आहे.

"का गं?"

"तुमचं आरशाचं कपाट ध्यानात हाय का?"

होतं. गेल्या पावसाळ्यात घराला रंग देताना ते कपाट अंगणात काढलं होतं. एका मोराने आरशात आपलंच रूप पाहिलं आणि वैरी समजून त्यावर अशा झडपा घातल्या, की आम्ही दोघींनी चादर टाकून त्याला थांबवलं. रतनबाईने मान वळवली. आप्पारावांच्या दारात त्यांची नवी काळी गाडी चंदेरी कव्हरखाली उभी होती.

मी मिशनच्या शाळेत शिकले, तिथल्या सिस्टर सांगायच्या, सूड हे देवाचं काम, माणसाने त्यात हात घालू नये. पण देवाला शिरूरच्या रस्त्याने यायला फार वेळ लागतो. मी साडीची घडी घातली आणि घरी आले.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर ग्रामपंचायतीसमोर आप्पारावांचा मोरांचे मित्र म्हणून सत्कार झाला. शाल, श्रीफळ, टाळ्या. आभार मानायच्या आधी रतनबाई उठली आणि सरळ माइकपाशी गेली.

"आप्पारावांवानी मोराची माया तालुक्यात कुणाला न्हाई," ती म्हणाली. "माजा एकच वाफा उघडा ऱ्हायलाय. पाखराला इजा न करता झाकायचा हाय. त्येंच्या गाडीचं कव्हर दिलं तर मोर बी सुखी, मी बी सुखी."

पुन्हा टाळ्या झाल्या. अंगावर शाल असताना चारचौघांत नाही म्हणणं आमच्याकडे अजून कुणाला जमलेलं नाही. "घेऊन जा, घेऊन जा," आप्पाराव हसत म्हणाले.

ती त्याच दुपारी गेली. कव्हर काढून खांद्यावर टाकलं. निघताना पदराने गाडीची दोन्ही दारं पुसली, चांगली लख्ख होईस्तोवर. "धूळ बसली हुती," मला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोर ज्वारी खाऊन कुंपणापाशी आले. आता सगळेच वाफे झाकलेले. ते परत फिरले. त्यांच्यातला मोठा, लांब पिसाऱ्याचा मोर गाडीजवळ थबकला. त्याने मान उंच केली. काळ्या पत्र्यातल्या मोरानेही केली. मग एकदम धाडधाड आवाज सुरू झाला.

आप्पाराव बनियनवर काठी घेऊन धावले. मोर पलीकडच्या दाराशी गेला. तिथेही वैरी उभाच होता.

"मेल्या, हाणू का तुला!" आप्पारावांनी काठी उगारली.

रतनबाई कमरेवर हात ठेवून कुंपणाशी उभी होती. "आप्पाराव, काठी खाली! सरस्वतीचं वाहन हाय ते!"

बाजेवरून सटवा ओरडला, "त्याला काय गाडी कळती व्हय?"

रस्त्यावरची माणसं थांबली. कालच शाल घेतलेला माणूस आज मोरामागे काठी घेऊन पळताना त्यांनी पोटभर पाहिला. मीही पाहिला. चहा निवला तरी आत गेले नाही.

संध्याकाळी आप्पाराव कुंपणाशी आले. "रतन, कव्हर दे."

"सत्कारात दिलेलं हाय ते. शाल बी परत करायलाव का?"

बीडहून नवं कव्हर येईपर्यंत दोन्ही दारांवर पोचे आणि ओरखडे उठले. मोराला काही झालं नाही. ज्वारी टाकणं मात्र कायमचं बंद झालं, आणि चौथी मेथी तरारून वर आली.

दसऱ्याला रतनबाई नवं लुगडं नेसून निघाली. मला म्हणाली, "चला की." मी गेले. हे मला बघायचंच होतं. आप्पारावांच्या दारात कोयते ठरवायला आलेली माणसं बसली होती. त्यांच्यादेखत तिने आपट्याची पानं पुढे केली, वर मेथीची एक जुडी ठेवली. काखेत धुऊन घडी घातलेलं जुनं कव्हर होतं.

"दसऱ्याला माझ्या दारात येशील म्हणला हुता. आले. सोनं घ्या, आप्पाराव."

सणाचं सोनं नाकारता येत नाही. त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"कव्हर बी घ्या. मोरांचे पिसारे गळाले, आता ते भांडायचे न्हाईत," ती म्हणाली, आणि जाताना गाडीच्या दारावरच्या ओरखड्यांवरून सावकाश बोट फिरवत गेली.

त्या संध्याकाळी मी वहीत लिहिलं: रतनबाईकडून मेथीची जुडी आली. निवडून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. देठं जाड होती, ती टाकली.