लोणच्याच्या बरणीतलं अंडं

लग्नाला चार महिने झाले होते, तेव्हा मी सासरी अंडं आणलं. भवानी पेठेतलं आमचं घर पक्कं लिंगायत, शाकाहारी. पण मी नववीला विज्ञान शिकवते आणि सोमवारी माझ्या वर्गावर तपासणीला साहेब येणार होते. विसरण आणि परासरण यांतला फरक पोरांना दरवर्षी तोंडपाठ येतो, कळत एकालाही नाही. यंदा प्रयोगच दाखवायचा, असं मी ठरवलं होतं.

अंडं व्हिनेगरमध्ये ठेवलं की कवच विरघळतं आणि नुसता पातळ पडदा उरतो. मी सासूबाईंची लोणच्याची रिकामी काचेची बरणी घेतली आणि सगळा संसार कपाटात साड्यांमागे लपवला. वास पसरतो, हे विज्ञानाच्या बाईला सुचलं नाही. सासऱ्यांना गटार तुंबल्याचा संशय आला, नवऱ्यानं मोजे दोनदा धुतले. वासाला पडदाबिडदा लागत नाही. जिथं जास्त तिथून जिथं कमी तिकडं तो आपोआप निघतो. हे विसरण.

रविवारी सकाळी मी व्हिनेगर ओतून साधं पाणी भरलं. दुपारपर्यंत अंडं असं फुगलं, की बरणीच्या तोंडातून निघेना. दोन बोटं आत घालून बसले होते, तेवढ्यात सासूबाई घडी घातलेल्या चादरी ठेवायला आल्या.

"एनु इदु?" हे काय, म्हणून त्यांनी विचारलं; घाबरल्या की त्या कानडीत शिरतात.

आता माझी बॅग भरून मला माढ्याला, माहेरी धाडणार, याबद्दल मला शंका उरली नाही. मी वर्गातल्यासारखी बोलत सुटले, "आई, अंडं आहे, पण शाळेचं आहे! आत दाट, बाहेर पातळ. पडद्यातून फक्त पाणी आत शिरतं. त्याला परासरण म्हणतात."

त्यांनी बरणी उजेडात धरली.

"माजी बरणी?"

"हो."

त्यांनी बरणी हळूच फिरवून पाहिली. मग म्हणाल्या, "मोरावळ्याचे आवळे पाकात आक्रसतात की. त्यांचं पानी भाईर येतंय. ह्याला बी पाकात घाल, निघंल."

नववीच्या बाईंना हे सुचलं नव्हतं. त्या क्षणी मला सासूबाई फार म्हणजे फार आवडल्या. पाक त्यांनीच केला, सवयीनं वेलदोडाही घातला. पाक गार होतोय तोच बाहेरून सासऱ्यांनी विचारलं, "आज काय गोड हाय?"

जन्मात खोटं न बोललेल्या सासूबाई गडबडल्या. "काय न्हाय, सूनबाईला खावंसं वाटलं."

सासऱ्यांनी लगेच चपला घातल्या.

संध्याकाळी अंडं सुरकुतून मुकाट बाहेर आलं. तोवर घरात दोन किलो पेढे आले होते, तीन शेजारणी माझी तब्येत विचारून गेल्या होत्या आणि नुकताच घरी आलेला नवरा तोंडात कोंबलेला पेढा न गिळता माझ्याकडं बघत उभा होता.

सासूबाईंनी मला मोरीपाशी ओढलं. "खरं सांगू का त्यांस्नी? अंडं होतं म्हनून?"

मी दोन्ही बाजूंचा नीट विचार केला.

"नको आई," मी म्हणाले. "बाळच असू द्या."