काकूंचं पर्समधलं पिस्तूल

इथे अमेरिकेत आमच्या शेजारच्या काकू एका मोटेलच्या काउंटरवर एकट्या बसतात. कोणीतरी सुरा दाखवून गल्ला नेला, तेव्हा त्यांनी पर्समध्ये मावेल असं छोटं पिस्तूल घेतलं. मला बंदुकीचं वावडं, पण काकू ड्राइव्ह करत नाहीत, म्हणून शनिवारी त्यांना नेमबाजीच्या सरावाला रेंजवर मीच नेतो.

सुरुवातीला त्या डोळे मिटून ट्रिगर दाबायच्या आणि कागदी टार्गेटला ‘सॉरी’ म्हणायच्या. आता आधी पिस्तुलाला नमस्कार करतात, उतू जाणाऱ्या दुधाला दटावावं तसं “थांब गं बाई” म्हणतात, श्वास सोडतात आणि गोळी बरोबर लाल ठिपक्यात बसते.

परवा रेंजवर पलीकडच्या बूथमधला धिप्पाड माणूस हातातल्या भरल्या पिस्तुलासकट मित्राशी बोलायला वळला. नळी थेट आमच्यावर. काकूंनी स्वतःचं पिस्तूल टार्गेटकडे तोंड करून टेबलावर ठेवलं आणि ओरडल्या, “अरे, तोंड तिकडे कर त्याचं!”

त्याला मराठीचं अक्षर कळलं नसणार. तरी नळी निमूट वळली. काकूंनी पुन्हा नमस्कार केला आणि उरलेल्या गोळ्या शांतपणे झाडल्या.

पार्किंगमध्ये माझ्या हातून गाडीची किल्ली पडली. उचलली, तर परत पडली.

“आधी श्वास सोड,” काकू म्हणाल्या, “मग निघू.”