बरगडी मोडली तरी

समजा, तुमच्यासमोर जमिनीवर एक माणूस उताणा पडलाय. श्वास नाही, नाडी नाही. त्याच्या छातीच्या मधोमध तळहात ठेवा, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. आता अंगाचं सगळं वजन टाकून दाबा. दोन इंच खोल, मिनिटाला शंभरावर वेळा. पाचव्या दाबाला हाताखाली काहीतरी कडकन मोडतं. थांबाल?

पाववाली मावशी थांबत नाही. अँब्युलन्सवर लागण्याआधी अकरा वर्षं तिने बेकरीत पीठ मळलं, म्हणून हे नाव. प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी शिकवणारा ओरडला होता, "अहो बाई, छाती आहे ती! मळू नका, दाबा!" तेव्हापासून बरगड्यांबद्दल मिळेल ते शिकून घ्यायचा तिने ध्यासच घेतला. बारा जोड्या. श्वास घेताना बादलीची कडी उचलावी तशा त्या वर उचलल्या जातात, छातीत जागा होते, हवा आत येते. बाहेरचा मार आधी त्या खातात, मग हृदय-फुप्फुसं. पण हृदयच बंद पडलं की हीच तटबंदी मावशीच्या आड येते. म्हातारी हाडं तर बहुतेकदा मोडतातच.

त्या दुपारी लाकडाच्या वखारीत म्हातारा मालक कोसळला होता. मावशीने भुशात गुडघे टेकून दाबायला सुरुवात केली, ड्रायव्हर शॉकचं यंत्र आणायला धावला. कडकन आवाज झाला आणि मालकाचा मुलगा पिसाळला.

"ए भवाने! बापाची हाडं मोडतेस माझ्या?"

त्याने तिला केसांना धरून मागे फरफटवलं. ती रांगत परत आली, हात टेकले, दाबलं. त्याने पुन्हा ओढलं आणि बुटाची लाथ तिच्या डाव्या कुशीत घातली. या वेळचा आवाज तिच्या आतून आला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. श्वास अर्ध्यावर येऊन सुरीसारखा टोचायला लागला. तरी ती सरपटत छातीपर्यंत पोचली.

"गाढवा, बाप हवाय की नको?" ड्रायव्हरने हातातलं यंत्र खाली टेकवलं आणि मुलाच्या जबड्यावर ठोसा हाणला. मुलगा फळ्यांच्या चळतीवर आदळला, तोंडातून रक्त आलं. दोन कामगार त्याच्या अंगावरच बसले. खालून तो शिव्या देत होता, मग नुसताच "बाबा, बाबा" म्हणून रडायला लागला.

मावशी कळ सोसत, दात आवळून दाबांचे आकडे मोजत होती. प्रत्येक आकड्याला तिची बरगडी करकरत होती. दुसऱ्या शॉकनंतर म्हाताऱ्याचं हृदय चालू झालं.

त्याच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या, तिची एक. तिचं फुप्फुस मात्र शाबूत होतं. बरगडीने लाथ अंगावर घेतली होती.

"खोकू नका, हसू नका," डॉक्टरांनी बजावलं.

"हसू नको? मग ड्रायव्हरला भेटायला पाठवू नका!"

तीन आठवड्यांनी मुलगा तिच्या दारात उभा राहिला. पुढचा दात गेलेला, मान खाली.

"मावशी, बाबा जेवतात, चालतात. पण मला ओळखत नाहीत. कोण तू, म्हणतात. माझ्या लाथेमुळे का हो?"

हो म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण अँब्युलन्स पोचायच्या आधीही म्हातारा काही मिनिटं तसाच पडून होता. रक्त न मिळाल्याने मेंदूचं नुकसान तेव्हा झालं की नंतरच्या झटापटीत, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं. मावशीने त्याला नुसतं पाणी दिलं.

तो गेल्यावर तिने ड्रायव्हरला फोन लावला. "मला फरफटवलं तेव्हा त्या छातीवर कुणाचाच हात नव्हता. आठवून सांग बाबा, किती वेळ?"