एका बाटलीतली खरूज

संशोधनासाठी आलेल्या त्या डॉक्टरने मला फसवलं. माझ्या शेळ्यांची खरूज आणि माझ्या चुलत दिराच्या शेळ्यांची खरूज त्याने एकाच बाटलीत ओतली, आणि त्यापायी माझं गायरान गेलं.

दोन शेळ्यांपासून मी कळप उभा केला होता. दात बघितल्याशिवाय आणि कान उलटवल्याशिवाय मी बाजारात जनावर घेत नसे. व्यापारी मला वचकून असत. दोन हजार सात-आठच्या हिवाळ्यात गावातल्या शेळ्यांना खरूज आली आणि दीर चावडीवर म्हणाला, "वहिनीनं चाकणच्या बाजारातनं आणली ही. तिच्या शेळ्या गायरानात न्हाई यायच्या." सूसकडचे माळ विकले जाऊन तारांच्या कुंपणात गेले होते. चरायला गायरान तेवढं उरलं होतं.

दोन्ही कळपांचं दुखणं एक नाही, हे मला दिसत होतं. माझ्या शेळ्या मान वाकडी करून कान झटकायच्या, कानात खपल्यांचे थर. त्याच्या शेळ्यांच्या तोंडाची आणि पायांची कातडी जाड होऊन फुटलेली, कान मात्र साफ.

"भाऊजी, तुमच्या शेळ्यांचे कान बगा एकदा," मी म्हटलं.

"कान काय बगायचे? शेळीला कान असत्यातच की."

चावडी हसली.

त्याच आठवड्यात पुण्याहून हा डॉक्टर आला. जनावरांच्या खरजेचे किडे डीएनएवरून ओळखायचं त्याचं काम. किडे इतके बारीक की सूक्ष्मदर्शकाखालीही ओळखताना चूक होते. पण खपलीतून डीएनए काढला की किडा कोणत्या प्रकारचा ते नक्की कळतं, असं त्याने मला समजावलं. मी तिथल्या तिथे सौदा केला. पैसे नकोत म्हटलं. माझ्या शेळ्या धरून देते, दिराच्याही मिळवून देते. तुम्ही कोणत्या कळपात कोणता किडा ते वेगवेगळं लिहून द्यायचं, म्हणजे माझी खरूज त्याला लागली नाही हे चावडीला कळेल.

"शब्द देतो, मावशी," तो म्हणाला.

नमुने घेईपर्यंत औषध देऊ नका म्हणाला, म्हणून आठ दिवस मी शेळ्यांना कान खांबाला घासून रक्त काढताना बघितलं. त्याने ब्लेडने खपल्या खरवडल्या, तेव्हा प्रत्येक बाटलीच्या गळ्याला मी स्वतः दोरा बांधला. माझ्या बाटल्यांना लाल, दिराच्या बाटल्यांना पांढरा. दुसऱ्या दिवशी दोन्ही कळपांना इंजेक्शनं दिली गेली आणि महिनाभरात सगळ्यांची कातडी साफ झाली.

उन्हाळ्यात ग्रामपंचायतीत कागद आला. गावातल्या शेळ्यांमध्ये खरजेचे दोन प्रकारचे किडे आढळले, एवढंच त्यात होतं. मी बरोबर होते. पण कोणता किडा कोणाच्या कळपातला, याबद्दल अवाक्षर नाही. मी त्याला फोन लावला. आवाज न चढवता तो म्हणाला की एका गावाचा नमुना ते एकत्रच करतात, काम वाचतं. दोरे काढून टाकले होते.

"दोन्ही प्रकार सापडले ना, मावशी? मग झालं तर."

दिराने तो कागद चावडीवर मोठ्याने वाचला. "मी एकच म्हनलो व्हतो," तो म्हणाला, "हिनं तर दोन आणल्या."

पुन्हा तपासा म्हणायची सोय नव्हती. किडे औषधाने मेले होते, पुरावा त्या बाटल्यांत होता. गायरान बंद झालं ते झालंच. दिवाळीच्या आत मी कळप विकला, मला वचकणाऱ्या त्याच व्यापाऱ्यांना, ते म्हणतील त्या भावात. उभ्या जन्मात बाजारात मी कोणाच्या तोंडी शब्दावर जनावर घेतलं नाही, आणि या शिकलेल्या माणसाकडून मात्र दोन ओळी आधी लिहून घेतल्या नाहीत. ती चूक माझी, मी मान्य करते.

बाकीची त्याची आहे. त्याने यावं, चावडीवर दिरासमोर उभं राहावं आणि लाल दोऱ्याच्या बाटल्यांत कोणता किडा होता ते सांगावं. सांगता येत नसेल, तर का येत नाही, ते सांगावं.