सडा न पडलेला कोपरा

कारंज्याला हायवेवरच्या ढाब्यापाशी ट्रकच्या चाकाखाली कुत्र्याचं एक पिल्लू कुडकुडत बसलं होतं. मी ते पदरात गुंडाळून गावी घेऊन आले. घरात कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते. पौषातली थंडी, टाक्यातल्या पाण्यात हात घालवत नव्हता.

अडचण झाली ती कापसाची. आमच्याकडे भाव चढेपर्यंत कापूस घरातच असतो. समोरची खोली छतापर्यंत भरलेली, आणि तिला दारही नाही. पिल्लाला त्याहून ऊबदार जागा कुठली? ते तिथंच झोपायचं आणि तिथंच मुतायचं. ओला कापूस पिवळा पडतो, सगळी मेहनत पाण्यात. तिसऱ्या दिवशी माझ्या सासऱ्यांनी एक ओला पुंजका माझ्या समोर धरला.

"आता कापूस ओला दिसला तं याले वावरात नेऊन बांधतो."

उघड्या वावरात, एवढ्या थंडीत, एवढासा जीव दोन दिवस टिकला नसता. माझी जीभ तशी कमी नाही, पण चूक त्यांची नव्हती. मी म्हटलं, "मामाजी, आठ दिवस द्या मले." ते हुं म्हणाले.

तेव्हापासून मी त्याला स्वयंपाकघरात चुलीजवळ बांधलं आणि तासातासाला अंगणात नेऊ लागले. ते सगळं अंगण हुंगायचं, थरथरायचं, माझ्याकडे बघायचं आणि काही न करता आत पळायचं. आत आलं की चुलीपाशी मुतलंच. एकदा दोरी कुरतडून कापसाकडे निघालं, तेव्हा मी झडप घालून धरलं. "काऊन रे, बाहेर काटे हायेत काय?" असं मी त्याच्यावर खेकसले, आणि मग माझंच मला वाईट वाटलं.

मुदतीच्या चौथ्या दिवशी सकाळी मी शेणसडा टाकत होते. आदल्या संध्याकाळी ते अंगणाच्या कोपऱ्यात, सरपणाच्या तुराट्यांच्या ढिगाशी कसंबसं एकदा मुतलं होतं. आता नेमकी तीच जागा हुंगत होतं, आणि मी नेमका तिथंच सडा फेकला. ते दोन पावलं मागं सरलं आणि घरात निघून गेलं. हातातली बादली तशीच धरून मी उभी राहिले. बिनडोक ते नव्हतं, मी होते. त्याला वासाची एक जागा सापडली होती, तीही मीच पुसून टाकली.

दुसऱ्या दिवसापासून तुराट्यांचा कोपरा मी कोरडा सोडला. सासूबाईंचा सडा भिंतीला टेकल्याशिवाय थांबत नाही. त्यांनी लगेच हटकलं. "सूनबाई, कोपरा काऊन सोडला? सुतक असल्यावानी दिसते."

"सुतकच टाळून राह्यली मी, आत्याबाई," मी म्हटलं. त्या दिवसभर फुगून होत्या.

पिल्लू त्या कोपऱ्यात गेलं, हुंगलं आणि मोकळं झालं. मी भाकरीचा तुकडा दिला. सातव्या दिवशी ते स्वतःहून दाराशी जाऊन कुंईकुंई करू लागलं.

आठव्या दिवशी सकाळी मामाजींनी कापसात तीन ठिकाणी खांद्यापर्यंत हात घातला, पुंजके काढून हुंगले, आणि चहाला बसले. तेवढ्यात पिल्लू दाराशी कुंई करू लागलं. माझे हात पिठात होते. चहा टाकून जे कधी कोणासाठी उठले नाहीत, ते मामाजी उठले, कडी काढली आणि त्या गारठ्यात त्याचं होईपर्यंत उभे राहिले. मग त्याला शालीत घेतलं.

शेजारच्या काकांनी कुंपणावरून विचारलं, "पिल्लू आणलं वाटते?"

"घरात करत नाई ते," मामाजी म्हणाले. "आमच्या सूनबाईनं शिकवलं. आठ दिवसांत."

बावीस वर्षांत माझ्या कानावर पडेल असं ते माझ्याबद्दल कधी काही चांगलं बोलले नव्हते. अभिमानानं माझा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू. तव्यावरची पहिली भाकरी मी पिल्लाला दिली, मामाजींच्याही आधी, त्यांच्या देखत.