उचगावची गाडी

लोकांच्या देणग्या एकत्र करून शहरात आणि आसपासच्या गावांत गरज असेल तिथे पोचवणारा एक लोकनिधी आमच्या कोल्हापुरात आहे. तिथल्या बाई रानात हाक मारावी तशा मोठ्यानं बोलतात आणि समोरच्याचं बोलणं मध्येच तोडून भलताच प्रश्न विचारतात.

किडनीच्या आजारानं बायको गेल्यावर तिच्या नावानं चौकात कारंजं बांधावं म्हणून मी त्यांच्याकडे गेलो.

"वैनी डायलिसिसला कशा जायच्या?" त्यांनी विचारलं.

"आमच्या गाडीतनं. मीच न्यायचो."

"मग चला माझ्यासंगं," म्हणत त्या मला उचगावला घेऊन गेल्या.

तिथे सुजलेल्या पायांची एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. रिक्षा परवडत नाही म्हणून तिचं डायलिसिस चुकत होतं.

"अशी अजून हायत," बाई म्हणाल्या. "तरी कारंजंच पायजे असंल तर बांधूया की. देणगी तुमची हाय."

मला राग आला. पण घरी आल्यावर त्या म्हातारीचे पाय डोळ्यांपुढून हलेनात.

कारंज्याऐवजी पेशंटना नेणारी गाडी आली. पहिल्या फेरीला बाईंनी मला म्हातारीशेजारी बसवलं आणि स्वतः ड्रायव्हरजवळ बसल्या.

"तुमची मालकीण सुईला भ्यायची काय हो?" म्हातारीनं विचारलं.

बायको गेल्यापासून तिच्याविषयी मी कुणाशी बोललो नव्हतो. दवाखाना येईपर्यंत बोलत राहिलो. बाईंनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.